साइज कमी करायचं ऑपरेशन म्हणजे फॅशन का?

प्रश्न: मॅडम, मी ३३ वर्षांची, शाळेत शिकवते, ४ वर्षांची मुलगी आहे. छाती खूप जड असल्याने मान-पाठ कायम दुखते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खड्डे पडलेत, उन्हाळ्यात खालच्या घडीत चट्टे येतात, पावडर लावून लावून कंटाळले. प्लास्टिक सर्जन ऑपरेशन कर म्हणतात, सासूबाई म्हणतात ही कसली फॅशन. करू का? आणि पुढच्या बाळाला दूध येईल का?

उत्तर: अगं, फॅशनसाठी कोणी खांद्याला खड्डे पाडून घेतं का! टेनिसवाली सिमोना हालेप, तिने २००९ ला १७ वर्षांची असताना हेच ऑपरेशन करून घेतलं, पुढे २०१८ ला फ्रेंच ओपन आणि २०१९ ला विम्बल्डन जिंकली, आणि खेळाडू नसते तरी केलंच असतं असं ती स्वतः म्हणाली होती. मान-पाठीचं दुखणं बहुतेकींचं खरंच कमी होतं, चट्टे पण जातात.

पण दुधाचं आधी बघ. निप्पल रक्तपुरवठ्यासकट ठेवतात तरी काही दुधाच्या नळ्या कापल्या जातातच, त्यामुळे दूध येतं पण कमी पडू शकतं, शिवाय बाळंतपणात साइज परत बदलते. वर्ष-दोन वर्षांत दुसरं मूल हवं असेल तर मी म्हणेन आधी ते होऊ दे, अंगावरचं तोडून सहा महिने जाऊ दे, मग कर.

व्रण राहतात बरं का, निप्पलभोवती गोल, तिथून सरळ खाली आणि घडीत आडवा, जहाजाच्या नांगरासारखा. वर्ष-दीड वर्षात फिके होतात, पुसले जात नाहीत. उभी आणि आडवी रेघ मिळते तिथे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाका थोडा उघडतो कधीकधी, बायका घाबरून रडतात, पण बहुतेक वेळा ड्रेसिंगवर भरून येतं, फक्त डॉक्टरांना लगेच दाखवायचं. निप्पलची संवेदना कमी होऊ शकते, काहींची कायमची.

शाळेत दोनेक आठवड्यांनी जाशील पण भरलेली बादली आणि लेक, दोन्ही सहा आठवडे उचलायचं नाही. सुट्टी दिवाळीची बघ, मे महिन्यात त्या घट्ट सपोर्ट ब्रात घामाने जीव जाईल.

इन्शुरन्सवाले कॉस्मेटिक म्हणून हात वर करतात, म्हणून मानदुखीचे पेपर आणि चट्ट्यांचे फोटो जपून ठेव, आणि मंजुरी आधीच लेखी माग.

आणि मिश्री लावत असशील तर लाजू नको, सर्जनला सांग आणि निदान महिनाभर आधी बंद कर, तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही.