रेडिएटर घेण्याआधी एवढं बघ

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायला (वॉटर कूलिंग) तू काढलेली सामानाची यादी पाहिली. सीपीयू ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा भाग) तांब्याचा आणि पाणी थंड करणारा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, हे एका लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरण्याच्या एकाच चक्रात, अजिबात नको. पाण्यात दोन्ही धातू आले की बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियमचं प्रमाण विभव (जितकं कमी, तितका धातू झिजायला सोपा) उणे 1.66 व्होल्ट, तांब्याचं अधिक 0.34, झिजणार ते ॲल्युमिनियमच. डिस्टिल्ड वॉटरनेही सुटका नाही, कारण धातूंचे आयन त्यात हळूहळू उतरतातच. इन्हिबिटर (पाण्यात मिसळायचं गंजरोधक रसायन) झीज मंदावतो, थांबवत नाही.

माझ्या पहिल्या लूपमध्ये हेच झालं होतं. तापमान चढायला लागलं म्हणून ब्लॉक उघडला, तर आतल्या बारीक फिन्समध्ये (पात्यांमध्ये) पांढरट, जेलीसारखा गाळ ठासून भरलेला. टूथब्रशने तासभर घासला, तरी पूर्ण निघाला नाही. फार वाईट वाटलं.

तांबं, पितळ आणि निकेल मुलामा दिलेलं तांबं एकत्र चालतं. फिटिंग्ज (नळ्या जोडायचे तुकडे) बहुधा पितळेच्याच असतात. फसवतो तो रेडिएटर, कारण वरून काळा रंग असतो. पोर्टच्या (फिटिंग बसवायच्या भोकाच्या) आट्यांत टॉर्च मारून बघ: पिवळसर दिसलं तर पितळ, चंदेरी दिसलं तर दुकानदाराला स्पष्ट विचार. स्वस्त रिझर्व्हॉयरचं (पाण्याच्या टाकीचं) झाकणही तपास बरं का, तिथेही ॲल्युमिनियम लपलेलं असतं.