चेकवर दोन रेघा मारल्याने फसवणूक खरंच टळते का?

हो, बऱ्याच अंशी टळते. चेकच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात 2 तिरक्या समांतर रेघा मारल्या की बँक त्याचे पैसे काउंटरवर रोख देत नाही, कुणाच्या तरी खात्यातच जमा करते. खातं म्हटलं की नाव, पत्ता, ओळखपत्र आलंच. म्हणजे हरवलेला चेक कुणी वटवला, तरी पैसे कुठे गेले याचा माग काढता येतो. चोराला नेमकं हेच नको असतं.

पण नुसत्या रेघांवर थांबू नका. तसा चेक मागे सही करून दुसऱ्याच्या नावे फिरवता येतो. रेघांच्या मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहा, मग चेकवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात रक्कम जाते. नावापुढे ‘ऑर बेअरर’ (म्हणजे ‘किंवा जो चेक घेऊन येईल त्याला’) छापलेलं असेल तर तेही खोडा. घाईत नेमकं हेच राहून जातं.

खोटी सही किंवा वाढवलेली रक्कम मात्र रेघांनी अडत नाही. त्यासाठी आकडा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटवून लिहा आणि अक्षरी रकमेनंतर ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढा.