आयनांच्या आधी इलेक्ट्रॉन मोज

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. टोकामॅकवर (संलयनाच्या चुंबकीय भट्टीवर) काम मिळालं नाही, ‘नुसता’ आयन सोर्स, म्हणजे भारित अणू पुरवणारं यंत्र, वाट्याला आला, असं लिहिलंयस. तो ‘नुसता’ मला टोचला, म्हणून सवडीने लिहितोय.

अणुकेंद्रकांच्या संलयनासाठी प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉनांचा वायू) १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचा असतो. त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह सुरुवातीला त्याला तापवतो खरा, पण प्लाझ्मा तापत जातो तसा त्याचा रोध घटतो आणि हा उपाय तोकडा पडतो. मग उष्णता बाहेरून द्यावी लागते. त्यासाठीचा एक मार्ग म्हणजे वेगवान तटस्थ अणूंचा झोत. भार नसल्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवत नाही, पण भार नसल्यामुळेच त्यांना वेगही देता येत नाही. म्हणून आधी आयन करायचा, पळवायचा आणि मग वायूतून नेऊन त्याचा भार उतरवायचा. जेट या जुन्या टोकामॅकमध्ये हे काम धन आयनांवर भागलं. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आयटर टोकामॅकला मात्र १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ईव्ही) ऊर्जेचा झोत हवा आहे, आणि त्या वेगाचा धन आयन वाटेत इलेक्ट्रॉन जवळजवळ उचलतच नाही. ऋण आयनाचा जादा इलेक्ट्रॉन मात्र सहज सुटतो. साध्या वायूतूनही निम्म्याहून अधिक झोत तटस्थ होऊन निघतो.

तो इलेक्ट्रॉन जेमतेम ०.७५ ईव्हीने धरलेला असतो. पुढे हे सोयीचं पडतं, सोर्समध्ये तेच जिवावर उठतं. तुझं सगळं काम या एका आकड्याभोवती फिरणार आहे.

आयटरच्या सोर्सला आठ ड्रायव्हर, म्हणजे प्लाझ्मा पेटवणाऱ्या कोठ्या, आहेत. प्रत्येकाभोवती कॉइल, साधारण १ मेगाहर्ट्झची आरएफ (रेडिओ लहरी), १०० किलोवॅटपर्यंत पॉवर. (तापतंतूच्या सोर्समध्ये तंतू झिजतात, ते बदलत बसावं लागतं. इथे ती कटकट नाही.) ड्रायव्हरमधले इलेक्ट्रॉन १० ईव्हीच्या आसपास असतात, म्हणजे ऋण आयन तिथे टिकणंच शक्य नाही. म्हणून मधे फिल्टरचं चुंबकीय क्षेत्र ठेवतात आणि पहिल्या ग्रिडजवळ (आयन ज्यातून बाहेर पडतात त्या भोकांच्या पत्र्याजवळ) पोचेपर्यंत इलेक्ट्रॉन १ ईव्हीपर्यंत थंड करतात. ऋण आयनांची खरी निर्मिती होते ती या ग्रिडच्या पृष्ठभागावर. मॉलिब्डेनमवर सिझियमचा पातळ थर बसला की त्याचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) साडेचारवरून दोन ईव्हीच्या आसपास येतं, आणि आदळणारा हायड्रोजनचा अणू परतताना तिथला इलेक्ट्रॉन सोबत घेऊन निघतो. खिडकीतून दिसणारा तो गुलाबी उजेड सुंदर असतो, तासन्‌तास बघावासा वाटतो. पण तुझा सोर्स म्हणजे तो उजेड नव्हे. तुझा सोर्स म्हणजे ती सिझियम बसलेली भिंत.

आता मुख्य गोष्ट. ऋण आयन ओढायला लावलेला व्होल्टेज इलेक्ट्रॉनही ओढतो. ते पुढे जाऊ नयेत म्हणून पुढच्या, आयन ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्शन ग्रिडमधले चुंबक त्यांना वळवतात आणि ते त्याच ग्रिडवर आदळतात. ती उष्णता ग्रिडला किती सोसते, तितकीच तुझी मजल. आयनांचा प्रवाह कितीही छान दिसू दे.

हे मला फार उशिरा उमगलं. ऐन तरुणपणी एका सोर्सवर मी पहिल्या काही सेकंदांचा आयनप्रवाह पाहून पॉवर वाढवत गेलो. आलेख वर चढत होता, मी खूश होतो. त्याच पडद्यावर इलेक्ट्रॉनची रेघ पल्सच्या (सोर्स एका वेळी चालतो त्या काळाच्या, म्हणजेच शॉटच्या) उत्तरार्धात हळूहळू उचलत होती, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. एक्स्ट्रॅक्शन ग्रिड तापली, इंटरलॉकने (यंत्र वाचवणाऱ्या आपोआप बंद-व्यवस्थेने) पल्स तोडला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तीन दिवसांची सिझियमची मेहनत त्या एका दुपारी वाया गेली. तेव्हापासून मी इलेक्ट्रॉनची रेघ आधी बघतो, आयनांची मागाहून.

आयटरची अट आहे की इलेक्ट्रॉनचा प्रवाह आयनांपेक्षा जास्त नसावा, तोही ०.३ पास्कल दाबावर आणि तासभर. हायड्रोजनमध्ये जमलेलं ड्युटेरियममध्ये (जड हायड्रोजनमध्ये) जमेल असं धरून चालू नकोस. तिथे इलेक्ट्रॉन जास्त येतात आणि पल्समध्ये वाढतही जातात. जर्मनीत गार्शिंगमधला एलिस हा चाचणीचा सोर्स आयटरच्या सोर्सच्या निम्म्या आकाराचा, तर इटलीत पादुआतला स्पायडर पूर्ण आकाराचा. दोन्हीकडच्या लोकांनी या एका दुखण्यावर वर्षं घातली आहेत. त्यांचे निबंध वाचताना आकृत्यांमधला इलेक्ट्रॉनचा भाग आधी शोध.

सिझियमशी घाई करू नकोस. व्हॅक्यूममध्ये उरलेली पाण्याची वाफही त्याला बिघडवते. सुट्टीनंतर सोर्स पुन्हा सुरू केला की पहिले शॉट वाईटच येतील. पॉवर वाढवू नकोस, सिझियमच्या ओव्हनचं तापमानही चढवू नकोस. सिझियमची ग्रिड दीडशे अंशांच्या आसपास गरम ठेव, छोटे पल्स देत राहा. इलेक्ट्रॉनची रेघ शॉटागणिक खाली येताना दिसेल. वरच्या आणि खालच्या भागातले इलेक्ट्रॉन वेगवेगळे मोजता येत असतील तर दोन्ही नोंदव, कारण फिल्टरच्या क्षेत्रामुळे प्लाझ्मा एका बाजूला सरकतो आणि बेरजेत ते लपून जातं.

पहिल्या सिझियमच्या आठवड्यातले सगळे शॉट मला पाठव, फसलेले सुद्धा. आयन आणि इलेक्ट्रॉन एकाच कागदावर काढ.

तुझा,
काका