केमोच्या नळीत पाण्यातला जंतू कुठून आला?

प्रश्न : आईला केमोसाठी दंडात पिक लाइन (शिरेतून आत सरकवलेली लांब, बारीक नळी) आहे. डे-केअरमध्ये (दिवसापुरतं केमो देतात त्या विभागात) ती फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइन सोडून धुतल्यावर, अर्ध्या तासात हुडहुडी भरून १०३ ताप आला. रक्तात बर्खोल्डेरिया निघाला. तो पाण्यातला जंतू आहे म्हणतात. त्याच दिवशी आणखी दोघांना तेच झालं. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, पाणी टाकीत साठवतो. दोष त्याचा का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : टाकी धुवा, पण दोष तिच्या माथी मारू नका. तिघांच्या घरी काही एकच टाकी नाही. जंतू एक, दिवस एक, म्हणजे धागा डे-केअरमध्येच शोधायला हवा.

हे जंतू बेसिनच्या जाळीत, नळाच्या तोंडाशी बुळबुळीत थर धरून राहतात. क्लोरीन आतवर पोचत नाही. धडधाकट माणसाला सहसा त्यांचा त्रास होत नाही. पण पिक लाइन हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते, आणि केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात.

पहिला संशय सामाईक सलाइनवर. ५०० मिलीच्या बाटलीच्या बुचात सुई खोचून ठेवायची आणि दिवसभर त्यातूनच सगळ्यांचे फ्लश भरायचे, ही खोड फार जुनी. सलाइनमध्ये जंतुनाशक नसतं; सकाळी शिरलेले जंतू दुपारपर्यंत कितीतरी पट होतात. बेसिनशेजारी औषध भरलं तर शिंतोडे उडतात, तेही वाईटच. बर्खोल्डेरिया तर पातळ जंतुनाशकातही जगतो. कधी कुपीच कारखान्यातून दूषित येते: मुंबईतल्या एका केमो डे-केअरमधली अशी साथ उलटीवरच्या इंजेक्शनातून आली होती. म्हणून उरलेल्या कुप्या फेकू न देता तपासायला पाठवाव्यात, बॅच नंबरसकट.

पुढच्या वेळी संकोच न करता विचारा, "सिस्टर, नवीन फोडताय ना?" दर वेळी सीलबंद सलाइन आणि नवी १० मिलीचीच सिरिंज हवी, लहान सिरिंजचा दाब जास्त, नळी फुटू शकते. नळीचं तोंड स्पिरिट स्वॅबने १५ सेकंद घासून वाळू द्यावं.

ताप १००.४ झाला की पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. उपचारासाठी जळगावला निघण्याआधीच रुग्णालयात फोन करा, अँटिबायोटिक पोचल्यावर तासाभरात सुरू व्हायला हवं. त्याआधी रक्त दोन ठिकाणचं घ्यावं, नळीतलं आणि दुसऱ्या हाताचं. नळीतल्या नमुन्यात जंतू दोन तास किंवा अधिक आधी वाढले, तर बिऱ्हाड नळीतच आहे. मग ती बहुधा काढावीच लागते.

आंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही कडा चिकटपट्टीने बंद करा. नळीच्या तोंडावरची टोपी ओली झालीच, तर त्याच दिवशी बदलून घ्या.