साठ वर्षं गप्प बसलेली नागीण

प्रश्न : सासूबाईंच्या कमरेला कालपासून नागीण उठली आहे. डॉक्टर म्हणतात, लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू अंगात होता. साठ वर्षं तो होता कुठे? असा निपचित विषाणू प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत पाहतात म्हणे, ते कसं? शेजारी तर सांगतात, ‘वेढो पुरो झालो की माणूस जाता.’
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आधी सासूबाईंना धीर द्या. वेढ्याने कुणी जात नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना चेतापेशींच्या गाठी असतात, आणि एकेक गाठ शरीराच्या अर्ध्याच बाजूचा पट्टा सांभाळते. म्हणून नागीण बहुधा मध्यरेषेशी थांबते.

विषाणू राहतो तो याच गाठींत. पेशीच्या केंद्रकात त्याचा नुसता डीएनए पडून असतो, नवे विषाणू बनत नाहीत.

हा विषाणू माणसाचा. उंदराला कांजिण्या होत नाहीत, म्हणून प्रयोगाला उंदीर चालत नाही. जिवंत माणसाच्या कण्यालगतच्या पेशी तरी कशा काढणार? मूळ पेशींपासून, म्हणजे ज्यांतून निरनिराळ्या पेशी घडू शकतात अशा पेशींपासून, मानवी चेतापेशी बशीत वाढवता येऊ लागल्या, तेव्हा वाट सापडली. त्यातली एक रचना मला फार आवडते. दोन कप्पे, मध्ये केसाहून बारीक चर. पेशी एका कप्प्यात, त्यांचे लांब तंतू चरांतून पलीकडच्या कप्प्यात गेलेले. विषाणू सोडायचा तो फक्त तंतूंच्या टोकांशी, तोही थोडाच. कांजिण्यांत त्वचेकडून शिरतो तसा. तंतूंतून तो पेशीपर्यंत पोचतो आणि गप्प होतो. तपासलं तर डीएनए सापडतो, संसर्ग मात्र पसरत नाही. पुढे ठरावीक रसायन दिलं की काही पेशींत तो पुन्हा उठतो.

ॲसायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्या डीएनएच्या नकला रोखतं. निपचित विषाणू नकला काढतच नाही, मग औषध धरणार काय? त्याला गाठायचं ते तो उठल्यावरच, आणि पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर उत्तम. कुडाळकडे दवाखाना चालवताना हेच तीन दिवस गेरू लावण्यात आणि मंत्र घालून घेण्यात गेलेले रुग्ण मी किती पाहिले! फोड सुकल्यावरही महिनोन् महिने त्या जागी पदराचा स्पर्श सोसत नसे. तुम्ही डॉक्टरांकडे गेलाच आहात, तर गोळ्या आजच सुरू करा.

घरात कांजिण्या न झालेलं, लस न घेतलेलं मूल असेल तर फोड झाकून ठेवा. फोडांतल्या पाण्यातून त्याला कांजिण्या होऊ शकतात, नागीण नव्हे.