परवाना परीक्षा, शैक्षणिक कर्ज आणि निवृत्तीची पुंजी: एका वडिलांच्या पत्राला उत्तर

सांगली जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांनी लिहिले आहे: त्यांची मुलगी 2018 मध्ये किर्गिझस्तानला वैद्यकीय शिक्षणासाठी गेली आणि 2024 मध्ये पदवी घेऊन परतली. परदेशी पदवीधरांसाठीची एफएमजीई ही परवाना परीक्षा तिने दोनदा दिली. उत्तीर्ण होण्यास 150 गुण लागतात; पहिल्या वेळी 128 आणि दुसऱ्या वेळी 139 मिळाले. सुमारे 12 लाखांचे शैक्षणिक कर्ज व्याज धरून 18 लाखांवर गेले आहे, दर 10.5 टक्के आहे, राहते घर गहाण आहे आणि सवलतीचा काळ संपल्याने हप्ता सुरू होतो आहे. निवृत्तिवेतन दरमहा 44,000, घरखर्च 30,000 आणि मुदत ठेवी 20 लाखांच्या, त्याही 7 टक्क्यांच्या. मुलीला दिल्लीतील निवासी तयारी वर्गाला पाठवण्याचाही विचार आहे, त्याचे 2,40,000 रुपये होतात. ते विचारतात: ठेवी मोडून कर्ज एकदाचे फेडून टाकावे का? आणि गावातील एका खासगी रुग्णालयाने देऊ केलेली 20,000 रुपयांची निवासी डॉक्टरची नोकरी तिने धरावी का?

नमस्कार सर,

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तोलण्यासारखे काही नाही. ही नोकरी तिने घेऊ नये. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम, 2019 च्या कलम 34 नुसार नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘फक्त रात्रीची देखरेख’ असे म्हणत अशी कामे दिली जातात, पण रात्री रुग्ण अत्यवस्थ झाला तर निर्णय तिलाच घ्यावा लागेल आणि कागदावर सहीही तिचीच असेल. महिना 20,000 रुपयांसाठी पुढच्या सगळ्या कारकिर्दीवर डाग लागू शकतो, शिवाय अभ्यासाचे सर्वांत मोलाचे महिने जागरणात जातील. तिला थोडेफार कमवायचेच असेल, तर नीटच्या वर्गांमध्ये जीवशास्त्र शिकवण्याचे दोन तासांचे काम तिने पाहावे. ते कायद्याच्या चौकटीत आहे आणि त्यात तिचे पायाभूत विषयही पक्के होतील.

आता कर्जाकडे येतो. ठेवीवर 7 टक्के मिळवत कर्जावर 10.5 टक्के देणे तोट्याचे आहे, हा आपला हिशोब बरोबर आहे. करबचतीसाठी कर्ज ठेवावे, असे कोणी सांगितले असेल तर तेही मनातून काढून टाका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची करवजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि आपले वर्षाचे उत्पन्न निवृत्तिवेतन व ठेवींचे व्याज मिळून पावणेसात लाखांच्या आत असल्याने नव्या प्रणालीत आपल्याला यंदा मुळात करच लागत नाही. तरीही सगळी रक्कम एकदम बँकेत भरू नका, असे मी सांगतो आहे, आणि त्याचे कारण परीक्षेच्या वेळापत्रकात आहे.

ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, पण सत्राचे नाव आणि प्रत्यक्ष तारीख यांवर विसंबून घरचा खर्च आखता येत नाही. डिसेंबर 2024 सत्राची परीक्षा 12 जानेवारी 2025 रोजी झाली, जून 2025 सत्राची 26 जुलै रोजी. डिसेंबर 2025 चे सत्रही जानेवारीपर्यंत सरकेल असे धरून चालू. तिने त्यात यश मिळवले, तरी निकाल, प्रमाणपत्र, राज्य वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी आणि आंतरवासितेची (इंटर्नशिपची) जागा यांत काही महिने जातील. त्यानंतर बारा महिन्यांची आंतरवासिता, आणि मग कायम नोंदणी. म्हणजे सर्व काही मनासारखे घडले तरी तिची खरी कमाई 2027 च्या मध्याच्या आधी सुरू होत नाही, आणि एक प्रयत्न हुकला तर ती 2027 च्या अखेरीस जाते. आंतरवासितेतील विद्यावेतन मिळाले तर उत्तम, पण आपल्या हिशोबात ते शून्य धरा. पुढील तीस महिने या घरात पैसा फक्त आपल्या निवृत्तिवेतनातून आणि ठेवींतून येणार आहे, हे धरूनच पुढचे सगळे ठरवायचे आहे.

कर्ज पूर्ण फेडले, तर हाती 2 लाख उरतात आणि दरमहा साधारण 15,000 रुपये शिल्लक पडतात. ऐकायला हे बरे वाटते, घराचा बोजाही उतरतो, आणि त्या बोज्यामुळे आपल्या पत्नीला झोप लागत नाही असे आपण लिहिले आहे, ती गोष्ट मी हलकी मानत नाही. परंतु दिल्लीच्या वर्गांचे आपण लिहिलेले 2,40,000 रुपये, परीक्षेचे व नोंदणीचे खर्च, परगावी आंतरवासिता मिळाल्यास वर्षभराची खोली, आणि मध्येच कोणाचे एखादे आजारपण, हे सारे त्या 2 लाखांतून आणि महिन्याच्या शिलकीतून भागणार नाही. फेडलेले शैक्षणिक कर्ज त्याच दराने पुन्हा काढता येत नाही. त्या वेळी दागिने किंवा महागडे वैयक्तिक कर्ज एवढेच हाती राहील.

काहीच न फेडता दहा वर्षांचा हप्ता सुरू केला, तर तो सुमारे 24,300 रुपये बसतो. निवृत्तिवेतन आणि ठेवींचे सुमारे 11,600 रुपये व्याज यांतून घरखर्च वजा जाता जेमतेम तेवढेच उरतात. हप्ता कसाबसा भागेल, पण दुसऱ्या कोणत्याही खर्चासाठी ठेवच मोडावी लागेल.

म्हणून मी आपल्याला मधला मार्ग सुचवतो. 8 लाख आता भरा आणि 12 लाख जवळ ठेवा. उरलेल्या 10 लाखांचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे 13,500 रुपये होतो, 12 लाखांवर महिना 7,000 व्याज येते, आणि घरखर्च भागून दरमहा 7,500 च्या आसपास हाती राहतात. हे 10 लाखांचे कर्ज जिवंत ठेवण्याची किंमत दोन दरांमधील फरकाने वर्षाला 35,000 रुपये आहे. आपल्या परिस्थितीत मी त्याकडे विम्याच्या हप्त्यासारखे पाहतो आणि तो रास्त मानतो. बँकेत जाताना एक गोष्ट मात्र विसरू नका: काही रक्कम भरल्यावर बहुतेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. आपल्याला हप्ता कमी करून हवा आहे, असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. व्याजदर फिरता असेल तर मुदतपूर्व फेडीला दंड नसतो. राहिलेले 12 लाख तीन-चार वेगवेगळ्या ठेवींत ठेवा, म्हणजे गरज पडल्यास एकच मोडावी लागेल. ती उत्तीर्ण झाली आणि आंतरवासितेची जागा निश्चित झाली, की आणखी 4 लाख भरता येतील.

आता परीक्षेविषयी, कारण पैशाचा निर्णय शेवटी तिथेच अडतो. जून 2025 सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण 19 टक्क्यांच्या आत होते आणि त्याआधीच्या सत्रात ते 30 टक्क्यांच्या जवळपास होते. हे आकडे वाचून आपण घाबरून गेला आहात, पण त्यांत अगदी तयारी न करता बसलेलेही धरलेले असतात. आपल्या मुलीसाठी महत्त्वाचा आकडा 139 हा आहे. तीनशे प्रश्न, उणे गुण नाहीत, उत्तीर्ण होण्यासाठी 150; ती अकरा गुणांनी मागे राहिली आहे आणि तिची चढण वरच्या दिशेने आहे. अकराच गुण वाढले तर ती काठावर राहील, म्हणून लक्ष्य 170 चे हवे. जन आरोग्य या एका विषयाला 30 गुण आहेत, त्यात भारतातील राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम येतात आणि परदेशात ते फारसे शिकवले जात नाहीत. तिचे गुण नेमके कोणत्या विषयांत जातात, हे दोन-तीन पूर्ण सराव परीक्षांतून पाहिल्याशिवाय दिल्लीला एक रुपयाही पाठवू नका. सगळीकडे थोडे थोडे कमी असेल, तर सांगलीतील अभ्यासिका आणि ऑनलाइन वर्ग यांवर काम होईल. मूळ विषयच कच्चे असतील, तरच निवासी वर्गाचा खर्च योग्य ठरतो, आणि तोही टप्प्याटप्प्याने भरण्याच्या अटीवर.

या परीक्षेच्या जागी ‘नेक्स्ट’ ही नवी परवाना परीक्षा येणार, म्हणून थांबावे का, असेही आपण विचारले आहे. कायद्यात तिची तरतूद 2019 पासून आहे आणि जुलै 2023 मध्ये ती पुढे ढकलली गेली. ती येईल म्हणून थांबण्याचा प्रत्येक महिना आपल्याला सुमारे 8,750 रुपयांच्या व्याजाला पडेल, कर्ज 10 लाखांवर आणल्यानंतरसुद्धा. जी परीक्षा आज समोर आहे, तिचीच तयारी तिने करावी.

आणखी एक अवघड गोष्ट. या परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणून ती मर्यादा घराने आखावी लागते. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने ती न आखल्यामुळे सहा प्रयत्नांत जमीन गेली आणि बाप-लेकीमध्ये बोलणेही उरले नाही. आपण तिघांनी आताच, शांतपणे, आणखी दोन सत्रे ठरवा. दुसऱ्या सत्रानंतरही यश आले नाही, तर सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय व्यवस्थापनातील पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, आणि त्यासाठी 12 लाखांतील 3 लाखांची एक ठेव आजच वेगळी नाव घालून ठेवायची. हे तिला बोलून दाखवा, पण शिक्षा म्हणून नव्हे; आपण तिच्या पाठीशी किती काळ आणि कशा प्रकारे उभे आहोत, हे तिला नेमके कळावे म्हणून.

पहिला हप्ता पडण्याआधी बँकेत जाऊन हप्ता कमी करण्याचा अर्ज द्या, आणि सराव परीक्षांचे विषयवार गुण हाती आले की मला कळवा. वर्गाबाबत तेव्हा नक्की सांगता येईल.