सांबरा विमानतळावर छोटी विमानं टेकल्या टेकल्या परत का उडतात? आणि दुपारी कुठं जातात?

तुम्ही मुतग्याहून विचारलंय की सकाळी एकच छोटं विमान दर पाच-सात मिनिटांनी घरावरून जातं, धावपट्टीला टेकतं न टेकतं तोच परत उडतं, मध्येच इंजिन बंद पडल्यागत वाटतं आणि दुपारी सगळं चिडीचूप. काही बिघाड तर नाही ना?

बिघाड काही नाही, उतरण्याचा सराव चाललेला असतो. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षणासाठी बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी असे पाच विमानतळ निवडले, त्यातलं हे एक. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातले सुरुवातीचे बरेच तास या घिरट्यांतच जातात. एका तासात आठ-दहा वेळा उतरायला मिळतं. प्रत्येक वेळी थांबून, वळून, जमिनीवरून चालवत परत टोकाला यायचं म्हटलं तर तीन-चारवरच भागवावं लागेल. म्हणून टेकायचं, फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्या) वर घ्यायचे, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण पुढे आणि परत वर. याला टच अँड गो म्हणतात.

घिरटीचा आकार आयताचा. धावपट्टी २,३०० मीटरची, पूर्व-पश्चिम, तिच्या टोकांची नावं ०८ आणि २६. होकायंत्राचे अंश दहाच्या पटीत घेऊन शेवटचं शून्य काढलं की हे आकडे येतात : ८० अंश आणि २६० अंश. विमान वाऱ्याला तोंड देऊन चढतं-उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून २६ वापरात, नाक बेळगावकडे. थंडीत सकाळी पूर्वेचा वारा असला की उलट. चढून झालं की काटकोनात वळायचं, मग धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जायचं (हा डाउनविंड), पुन्हा दोन वळणं आणि समोर धावपट्टी (हा शेवटचा सरळ टप्पा म्हणजे फायनल). नियंत्रण टॉवरनं वेगळं सांगितलं नाही तर वळणं डावीकडची.

उंची जमिनीपासून हजार फूट. पण विमानतळच समुद्रसपाटीपासून जवळपास २,५०० फुटांवर, त्यामुळे उंची दाखवणाऱ्या काट्यावर ३,५०० दिसायला हवेत. समुद्रकाठी शिकून आलेला इथं पहिल्या दिवशी हमखास गडबडतो.

आता तो इंजिनाचा आवाज. डाउनविंडवर धावपट्टीचं टोक पंखाच्या बरोबरीला आलं की थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाचे मिनिटाचे फेरे २,२०० वरून १,५०० च्या आसपास आणतात आणि फ्लॅपचा पहिला टप्पा सोडतात. खाली उभ्या माणसाला इंजिन गेलं असंच वाटणार. (आकडे सेसना १७२ धरून देतोय, दुसऱ्या विमानांचे थोडे इकडेतिकडे.) कधी शिक्षक मुद्दामच थ्रॉटल पूर्ण मिटतात : समजा इंजिन गेलं, आता उतरवून दाखव. हजार फुटांवरून हे विमान वारा नसताना साधारण दीड नॉटिकल मैल (पावणेतीन किलोमीटर) तरंगत जातं, म्हणून घिरटी धावपट्टीला धरून ठेवतात. लांब पसरलेली घिरटी मला तरी आळशीपणाच वाटते.

गोची शेवटच्या तीस सेकंदांत होते. फायनलवर ६५ नॉट (ताशी ६५ नॉटिकल मैल) वेग हवा आणि मुलगा ७५ घेऊन आला, तर ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश जास्त. विमान टेकायलाच तयार होत नाही, तरंगत राहतं. अशात नाक खाली करायला घाईनं सुकाणूची मूठ पुढे ढकलली की नाकाचं चाक आधी आपटतं, विमान उसळी घेतं, दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, आणि तिसरीला नाकावरचा फिरता पंखा धावपट्टीला घासतो. उपाय एकच : पहिल्याच उसळीला पूर्ण ताकद देऊन परत वर जायचं. न टेकताच वर गेलेलं विमान दिसलं तर तो बहुतेक वेळा शहाणपणाचाच निर्णय असतो.

दुपारचं उत्तर उन्हात आहे. २,५०० फुटांवर प्रमाण तापमान १० अंश धरतात. एप्रिलात ३६ अंश असले की २६ अंशांचा फरक, दर अंशाला सुमारे १२० फूट विमानतळाच्या उंचीत मिळवायचे. म्हणजे विमानाला हवा ५,६०० फुटांवर असावी तितकी विरळ लागते. इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, पंखाही कमी हवा ओढतो. धावपट्टी एवढी लांब की धावायला जागा कमी पडत नाही, पण विमान चढता चढत नाही. त्यात नांगरलेली शेतं तापून हवा वर उसळते आणि शेजारच्या उसाच्या फडावर खाली बसते. फायनलवर दोन्ही लागोपाठ आले की नवख्याच्या हातून विमान कधी वर फेकलं जातं, कधी खाली दबतं. अशा हवेत शिकणं होत नाही, नुसती झुंज होते.

पावसाळ्यात मात्र दिवसचे दिवस काहीच उडत नाही. दृश्यमानता ५ किलोमीटर आणि ढगांचा तळ १,५०० फूट नसेल तर नजरेच्या नियमांनी (म्हणजे बाहेर बघून उडण्याच्या) सोडत नाहीत, आणि बेळगावची झिमझिम तुम्हाला माहीतच आहे. उघडीप मिळाली तरी आधी इंधनातलं पाणी बघावं लागतं. टाकीच्या झाकणाची सीलं जुनी असली की रात्रभरचा पाऊस आत झिरपतो. सेसना १७२-एस ला तेरा ठिकाणी छोटे नळ आहेत : दोन्ही पंखांखाली पाच-पाच, पोटाखाली तीन. प्रत्येकातून पारदर्शक नळीत थोडं काढून बघायचं. पेट्रोल निळसर, पाणी जड म्हणून तळाला बुडबुड्यासारखं बसतं. फसगत तेव्हा होते जेव्हा नळीत सगळंच पाणी येतं : दोन थर नाहीत, सगळं एकसारखं स्वच्छ, आणि बघणारा खूश. म्हणून थर शोधण्याआधी रंग बघायचा, पांढऱ्या कागदासमोर धरून.

मध्ये कधी तेच विमान दूरवर गोल गोल फिरताना दिसलं तर टॉवरनं त्याला एटीआर (दोन पंख्यांचं प्रवासी विमान) येईपर्यंत थांबवलंय असं समजा. मोठ्या विमानामागे पंखांच्या टोकांपासून भोवरे सुटतात आणि ते हळूहळू खाली बसतात. म्हणून एटीआर उडाल्यावर मागच्या हलक्या विमानाला किमान दोन मिनिटं, धावपट्टीच्या मधूनच निघायचं असेल तर तीन मिनिटं थांबवतात. आणि अंधार पडल्यावर दिवे लुकलुकत तीच घिरटी दिसली तरी घाबरू नका; परवान्याला रात्रीचे किमान पाच तास आणि त्यात एकट्याच्या जबाबदारीवर दहा वेळा चढणं-उतरणं लागतं. बघायला जाणार असाल तर रस्त्यावरून बघा. कुंपणापलीकडे हवाई दलाचा तळ आहे, तिकडं फोटो काढायचे नाहीत आणि ड्रोन तर अजिबातच नाही.